वाचकांचे प्रश्न : शेलमधले शॉर्टकट नेमके कुठे लिहायचे?

कमांड लाइनवरच्या शॉर्टकटविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम म्हणजे शेल; बॅश, झेडशेल, फिश आणि पॉवरशेल ही शेलची नावे. कमांड, फायली आणि फंक्शनची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती मूळ रोमन अक्षरांत टाइप करावीत. ‘कॅपिटल’ असे सांगितले नसेल तिथे लहान लिपीतले अक्षर समजावे.

प्रश्न : मी बॅश वापरतो. कमांडची पहिली काही अक्षरे टाइप करून वरचा बाण दाबला की त्याच अक्षरांनी सुरू होणाऱ्या जुन्याच कमांड याव्यात, असे हवे होते. त्यासाठीची ओळ .बॅशआरसीमध्ये लिहिली, तर प्रत्येक नव्या टर्मिनलमध्ये ‘कमांड नॉट फाउंड’ येऊ लागले. ती उचलून .इनपुटआरसीमध्ये टाकली. आता एरर नाही, पण बाण दाबला की ‘हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड’ हे शब्दच ओळीवर उमटतात. काय चुकले?

उत्तर : दोन वेगळ्या चुका एकापाठोपाठ झाल्या आहेत. दोन्हींचे मूळ समजले तर पुढचे बरेच त्रास वाचतील, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बाणाचे बटण दाबल्याचे बॅशला कधीच कळत नाही. टर्मिनलची खिडकी त्या बटणाचे रूपांतर काही बाइट्समध्ये करते. वरच्या बाणासाठी साधारणपणे तीन बाइट जातात : एस्केप, डावा चौकोनी कंस आणि कॅपिटल ए. हे बाइट आधी ऑपरेटिंग सिस्टीमच्या टीटीवाय ड्रायव्हरमधून (टर्मिनलची ये-जा सांभाळणाऱ्या भागातून) जातात आणि मग ओळ संपादित करणाऱ्या भागाकडे पोचतात. बॅशमध्ये हा भाग म्हणजे रीडलाइन नावाची लायब्ररी. म्हणजे एखादा शॉर्टकट तीन ठिकाणी अडू शकतो : खिडकीत, ड्रायव्हरमध्ये किंवा रीडलाइनमध्ये. प्रत्येकाची सेटिंग वेगळ्या जागी असते.

.बॅशआरसी ही शेल स्क्रिप्ट आहे. तिच्यातली प्रत्येक ओळ बॅश कमांड म्हणून चालवते. .इनपुटआरसी ही रीडलाइनची फाइल. तिचे व्याकरण वेगळे आहे आणि त्यात कमांड नसतातच. तिथली योग्य ओळ अशी :

"\ई[ए": हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड

यातला ए कॅपिटल, आणि बॅकस्लॅश-ई म्हणजे एस्केप. कोलनच्या आधी मोकळी जागा सोडू नका. ही ओळ .बॅशआरसीमध्ये तशीच टाकली की बॅश तिच्यातल्या पहिल्या शब्दाला कमांड समजून शोधत बसते. तुमचा पहिला एरर त्यातून आला.

दुसरी चूक अवतरणचिन्हांची. कोलनच्या उजव्या बाजूला नुसते नाव असेल तर रीडलाइन ते फंक्शन मानते. तेच अवतरणचिन्हांत असेल तर तो मॅक्रो होतो, म्हणजे ‘हे बटण दाबले की ही अक्षरे टाइप कर’ असा आदेश. तुम्ही फंक्शनचे नाव अवतरणचिन्हांत घातले आहे, त्यामुळे रीडलाइन सांगितल्याप्रमाणे तेच टाइप करते आहे. डावीकडची चिन्हे ठेवा, उजवीकडची काढा. खालच्या बाणासाठी कॅपिटल बी आणि हिस्टरी-सर्च-फॉरवर्ड.

हे .बॅशआरसीमध्येच ठेवायचे असेल तर बाइंड कमांड वापरावी लागते आणि अख्खी ओळ एकेरी अवतरणचिन्हांत घालावी लागते :

बाइंड '"\ई[ए": हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड'

बाहेरची एकेरी चिन्हे विसरलात तर आतली दुहेरी चिन्हे बॅश स्वतःच गिळते आणि बाइंडच्या हाती अर्धवट मजकूर लागतो. उलट, ‘बाइंड’ हा शब्द .इनपुटआरसीमध्ये लिहून काही उपयोग नाही, कारण रीडलाइनला शेलच्या कमांड कळत नाहीत.

फाइल बदलल्यावर नवे टर्मिनल उघडण्याची गरज नाही. कंट्रोल-एक्स आणि लगेच कंट्रोल-आर दाबले की .इनपुटआरसी पुन्हा वाचली जाते. ‘बाइंड -एफ ~/.इनपुटआरसी’ हेही तेच करते. एक मात्र ध्यानात ठेवा : फाइलमधून ओळ काढून टाकली आणि फाइल पुन्हा वाचली, तरी आधीचे बाइंडिंग (बटण आणि फंक्शन यांची जोडणी) चालू शेलमध्ये तसेच राहते. ते ‘बाइंड -आर’ देऊन काढावे लागते किंवा नवे शेल सुरू करावे लागते. ‘ओळ काढली तरी शॉर्टकट चालतोच आहे’ या गोंधळाचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

तपासण्यासाठी ‘बाइंड -क्यू हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड’ द्या. फंक्शन कोणत्या बटणाला जोडले आहे ते दिसेल. नावात स्पेलिंगची चूक असेल तर ‘अननोन फंक्शन नेम’ येईल. सगळी फंक्शने ‘बाइंड -एल’ने आणि फंक्शनची सगळी बाइंडिंग्ज ‘बाइंड -पी’ने दिसतात. फाइल वाचलीच जात नाही अशी शंका असेल तर ‘एको $इनपुटआरसी’ (नाव कॅपिटलमध्ये) करून पाहा. हा व्हेरिएबल दुसऱ्या फायलीकडे बोट दाखवत असेल तर तुमची घरची (होम डिरेक्टरीतली) .इनपुटआरसी कुणी उघडतच नाही. काही सिस्टीमवर प्रोफाइल फायलींमध्ये तो आधीच भरून ठेवलेला असतो.

प्रश्न : होम डिरेक्टरीत .इनपुटआरसी नव्हती. मी दोन ओळींची फाइल बनवली. माझे दोन शॉर्टकट चालू झाले, पण डिलीट दाबले की अक्षर खोडण्याऐवजी ~ उमटते, आणि होम-एंडही बिघडले. मी त्यांना हातसुद्धा लावला नव्हता.

उत्तर : हात लावला नाही, पण ती सेटिंग जिथे होती ती फाइल वाचणे तुमच्या नव्या फाइलने बंद पाडले. रीडलाइन घरची .इनपुटआरसी शोधते आणि ती नसेल तरच /ईटीसी/इनपुटआरसी वाचते. दोन्ही एकामागून एक वाचून एकत्र करत नाही. डिस्ट्रिब्युशनने होम, एंड, डिलीट यांची बाइंडिंग्ज त्या सामाईक फाइलमध्ये ठेवलेली असतात.

तुमच्या फाइलची पहिली ओळ अशी करा :

$इन्क्लूड /ईटीसी/इनपुटआरसी

आणि तुमच्या दोन ओळी तिच्या खाली ठेवा, म्हणजे एकाच बटणावर दोघांनी हक्क सांगितला तर तुमचे चालेल. रीडलाइनच्या नव्या आवृत्त्यांत यातली काही बटणे मुळातच जोडलेली असतात. म्हणून हीच चूक एका मशिनवर दिसते आणि दुसऱ्यावर दिसत नाही.

~ कुठून आला? डिलीट बटण एस्केप, चौकोनी कंस, ३ आणि ~ असे चार बाइट पाठवते. या मालिकेला काही जोडलेले नसेल तर रीडलाइन सुरुवातीचे बाइट टाकून देते आणि उरलेला ~ साधे अक्षर म्हणून छापते. कुठलेही बटण दाबल्यावर ~ किंवा ‘;५डी’ असा कचरा दिसला, तर बटण चालते आहे पण त्याच्या मालिकेला बाइंडिंग नाही, असा अर्थ घ्यावा.

बटण नेमके काय पाठवते ते पाहायला प्रॉम्प्टवर (कमांड टाइप करायच्या ओळीवर) कंट्रोल-व्ही दाबा आणि मग ते बटण दाबा. ^[[३~ असे काही दिसेल. सुरुवातीचे ^[ म्हणजे एस्केप. फाइलमध्ये लिहिताना त्या दोन चिन्हांच्या जागी \ई लिहायचे आणि पुढचे जसेच्या तसे ठेवायचे. बरेच जण ^[ तसेच फाइलमध्ये उतरवतात. रीडलाइनच्या लेखी तो टोपीचा आणि कंसाचा साधा मजकूर ठरतो आणि शॉर्टकट कधीच लागत नाही.

कंट्रोलसह डावा बाण एक्सटर्म पद्धतीच्या टर्मिनलमध्ये ^[[१;५डी पाठवतो. यातला ५ म्हणजे कंट्रोल. शिफ्टसाठी २, आल्टसाठी ३, कंट्रोल आणि शिफ्ट मिळून ६. डी कॅपिटल. ही पद्धत एकदा कळली की प्रत्येक बटणाचा कोड इंटरनेटवर शोधत बसावे लागत नाही. (अंक अर्थातच रोमन कीबोर्डवरचे.)

प्रश्न : मॅकवर .इनपुटआरसीमध्ये सगळे बरोबर लिहिले आहे, कंट्रोल-एक्स कंट्रोल-आरही करून पाहिले. ढिम्म फरक पडत नाही.

उत्तर : तुमचे शेल बॅश नसणार. मॅकओएसमध्ये २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याला झेडशेल मिळते, आणि झेडशेल रीडलाइन वापरतच नाही. त्याचा स्वतःचा लाइन एडिटर आहे, झेडएलई. .इनपुटआरसीमध्ये काहीही लिहिले तरी झेडशेल ती फाइल उघडत नाही. ‘एको $०’ करून शेल कोणते ते आधी पाहा.

झेडशेलमध्ये .झेडएसएचआरसी फाइलमध्ये बाइंडकी कमांड लिहायची :

बाइंडकी '^[[ए' हिस्टरी-बिगिनिंग-सर्च-बॅकवर्ड

इथलाही ए कॅपिटल. मधे कोलन नाही आणि एस्केपसाठी ^[ इथे चालते. फंक्शनचे नाव बॅशपेक्षा वेगळे दिले आहे ते मुद्दाम. झेडशेलमध्येही हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड आहे, पण ते ओळीचा फक्त पहिला शब्द धरून शोधते. ‘गिट कमिट’पर्यंत टाइप करून बाण दाबला तर ‘गिट’ने सुरू होणारे सगळे येईल. कर्सरपर्यंतचा पूर्ण मजकूर जुळवायचा असेल तर वरचेच फंक्शन हवे. बॅशमधून आलेल्या माणसाला नाव ओळखीचे वाटते आणि तो तिथेच फसतो.

एवढे करूनही बाण चालला नाही तर '^[ओए' (दोन्ही अक्षरे कॅपिटल) यालाही तेच फंक्शन जोडा. टर्मिनल ‘ॲप्लिकेशन मोड’मध्ये गेले की बाणाचा कोड बदलतो, आणि झेडशेलसाठी मिळणाऱ्या काही तयार चौकटी हा मोड चालू करतात. दोन्ही कोड जोडून ठेवण्यात काही नुकसान नाही.

झेडशेलचा आणखी एक सापळा याच जागी आहे. शेल सुरू होताना एडिटर किंवा व्हिज्युअल (दोन्ही नावे कॅपिटलमध्ये) या व्हेरिएबलमध्ये ‘व्हीआय’ ही अक्षरे कुठेही असली, तर झेडशेल व्हीआय या एडिटरच्या पद्धतीचा कीमॅप, म्हणजे बटणांच्या जोडण्यांचा संच, निवडते. ‘विम’मध्ये ती आहेत, ‘एनविम’मध्येही आहेत. मग कंट्रोल-ए दाबले की ^ए छापले जाते आणि कंट्रोल-आरने शोध उघडत नाही. ‘बाइंडकी -ई’ लिहिले की नेहमीचा ईमॅक्स कीमॅप परत येतो. पण ही ओळ बाकीच्या बाइंडकी ओळींच्या आधी यायला हवी. ती शेवटी लिहिली तर तोवरची बाइंडिंग्ज व्हीआयच्या कीमॅपमध्ये गेलेली असतात, आणि कीमॅप बदलताच ती तुमच्या दृष्टीने नाहीशी होतात. बॅशमध्ये ‘सेट -ओ व्हीआय’ बाइंडच्या ओळींनंतर लिहिले तरी हेच घडते.

फिश वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात : तिथेही .इनपुटआरसी चालत नाही. बाइंड नावाचीच पण वेगळ्या व्याकरणाची कमांड आहे, आणि बटणाचा कोड व त्यासाठीची तयार ओळ ‘फिश_की_रीडर’ हाताशी आणून देते. पॉवरशेलमध्ये हे काम सेट-पीएसरीडलाइनकीहँडलर करते.

प्रश्न : कंट्रोल-आरने मागे शोधता येते. पुढे येण्यासाठी कंट्रोल-एस आहे असे वाचले. ते दाबले की टर्मिनलच गोठते.

उत्तर : कंट्रोल-क्यू दाबा, सुटेल. गोठलेल्या काळात टाइप केलेले वाया जात नाही, ते सगळे एकदम येऊन पडते. त्यामुळे वैतागून आडवेतिडवे काही टाइप करू नका, आणि एंटर तर नकोच.

कंट्रोल-एस रीडलाइनपर्यंत पोचतच नाही. टीटीवाय ड्रायव्हर ते ‘आउटपुट थांबव’ या अर्थाने मधेच उचलतो. कागदावर छापणाऱ्या संथ टर्मिनलच्या काळातली ही सोय अजून चालू आहे. ती बंद करायला ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’. .बॅशआरसीमध्ये टाकताना ती शेल इंटरॲक्टिव्ह आहे का हे तपासणाऱ्या अटीच्या आतच टाका. नाहीतर एससीपीसारख्या, टर्मिनल नसलेल्या जोडणीत ही कमांड ‘इनॲप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस’ असा एरर देते.

प्रश्न : कंट्रोल-डब्ल्यू मोकळ्या जागेपर्यंतचे सगळे खोडते. लांब पाथमध्ये फक्त शेवटच्या / पर्यंतचे खोडायला हवे आहे. .इनपुटआरसीमध्ये योग्य ओळ लिहिली, स्पेलिंग तपासले, पण बाइंडिंग टिकत नाही. बाकीच्या ओळी मात्र चालतात.

उत्तर : तुमची ओळ बरोबरच असणार. ड्रायव्हरची स्वतःची काही ठरलेली बटणे असतात. ‘एसटीटीवाय -ए’ दिले की ती दिसतात : शब्द खोडायला कंट्रोल-डब्ल्यू, ओळ खोडायला कंट्रोल-यू, पुढचे अक्षर जसेच्या तसे घ्यायला कंट्रोल-व्ही. रीडलाइन प्रॉम्प्टची तयारी करताना ही बटणे पाहते आणि त्यांना आपली समान अर्थाची फंक्शने जोडून टाकते. वापरणाऱ्याला सगळीकडे एकच अनुभव मिळावा, हा त्यामागचा हेतू. पण त्यात तुमची ओळ पुसली जाते आणि त्याची सूचना कुठेही येत नाही.

.इनपुटआरसीमध्ये या दोन ओळी, याच क्रमाने :

सेट बाइंड-टीटीवाय-स्पेशल-चार्स ऑफ
"\सी-डब्ल्यू": युनिक्स-फाइलनेम-रबआउट

बॅकस्लॅशनंतरचा सी कॅपिटल, डब्ल्यू लहान. पहिली ओळ नको असेल तर .बॅशआरसीमध्ये ड्रायव्हरचे शब्द खोडण्याचे बटण बंद करता येते : ‘एसटीटीवाय डब्ल्यूइरेज अनडेफ’. मग ते बटण ड्रायव्हरच्या यादीतूनच जाते. आम्हाला पहिला उपाय जास्त पटतो, कारण तो फक्त रीडलाइनपुरता राहतो. दुसऱ्याने नुसत्या ‘कॅट’मध्ये टाइप करतानाही कंट्रोल-डब्ल्यू निकामी होते.

कंट्रोल-सी आणि कंट्रोल-झेड यांची गोष्ट आणखी पुढची. ओळ संपादित होत असतानाही रीडलाइन त्यांचे सिग्नल ड्रायव्हरकडेच ठेवते. म्हणून बॅशमध्ये कंट्रोल-झेडला दुसरे काही जोडायचे तर आधी ‘एसटीटीवाय सस्प अनडेफ’ करावे लागते, आणि मग चालू प्रोग्राम थांबवून बाजूला ठेवण्याची सोय जाते. हा सौदा करू नये असे आमचे मत.

प्रश्न : कंट्रोल-आय मोकळे आहे असे वाटून त्याला शॉर्टकट दिला. आता टॅबने नावे पूर्ण होत नाहीत. शिवाय कंट्रोल-शिफ्ट-ए आणि कंट्रोल-ए यांना वेगळी कामे देता येत नाहीत.

उत्तर : टर्मिनलच्या जुन्या पद्धतीत कंट्रोल धरले की अक्षराच्या आस्की क्रमांकाचे फक्त खालचे पाच बिट उरतात. आय म्हणजे ७३, त्यातून ६४ गेले की ९, आणि ९ म्हणजेच टॅब. त्याच हिशोबाने कंट्रोल-एम म्हणजे १३, एंटर. कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस म्हणजे २७, एस्केप. बाइट एकच असल्यामुळे शेलला त्यात फरक करायला काही जागाच राहत नाही. लहान आणि कॅपिटल ए यांच्यातला फरकही त्याच वरच्या बिटांत असतो, म्हणून शिफ्ट वाया जाते. ती ओळ काढा. एस्केपला काही जोडण्याच्या भानगडीत तर पडूच नका, कारण सगळे बाण आणि फंक्शन बटणे त्याच बाइटने सुरू होतात.

काही नवी टर्मिनल या जोड्यांसाठी वेगळे कोड पाठवू शकतात आणि फिशची ४.० आवृत्ती ते ओळखते. रीडलाइनसाठी सोपा मार्ग म्हणजे कंट्रोल-एक्स आणि मग एखादे अक्षर अशी दोन टप्प्यांची जोडी. त्या घरात जागा भरपूर आहे. आधी ‘बाइंड -पी’च्या यादीत ती जोडी घेतलेली नाही ना ते पाहा. नुसत्या कंट्रोल-एक्सलाच मात्र काही जोडू नका. त्याने सुरू होणाऱ्या सगळ्या जोड्यांसाठी रीडलाइनला पुढच्या बटणाची वाट पाहावी लागते. ही मुदत मुळात ५०० मिलिसेकंदांची असते, आणि तुमचा शॉर्टकट तेवढा रेंगाळत चालतो.

प्रश्न : आल्ट-एफने एक शब्द पुढे जायला हवे. लिनक्सवर खिडकीचा फाइल मेनू उघडतो, मॅकवर ऑप्शन-एफने विचित्र चिन्ह उमटते.

उत्तर : दोन्हीकडे बटण खिडकीनेच घेतले आहे, म्हणून शेलच्या फायलींत शोधू नका. ग्नोम टर्मिनलच्या प्रेफरन्सेसमध्ये मेनूची आल्ट-अक्षरे बंद करण्याचा पर्याय आहे, तो वापरा. मॅकच्या टर्मिनलमध्ये प्रोफाइल्स, मग कीबोर्ड, आणि तिथे ‘यूज ऑप्शन ॲज मेटा की’वर खूण करा. आयटर्ममध्ये प्रोफाइलच्या कीज विभागात डाव्या ऑप्शनसाठी ‘एस्क+’ निवडा. उजवे ऑप्शन तसेच ठेवले तर विशेष चिन्हांसाठी ते उपयोगी राहते. सेटिंग बदलता येत नसेल अशा मशिनवर एस्केप दाबून सोडा आणि मग एफ दाबा. आल्ट-एफ हेच दोन बाइट पाठवते.

प्रश्न : एका शॉर्टकटवर ‘गिट स्टेटस’ चालवायचे आहे. मॅक्रो लिहिला, पण ओळीवर अर्धवट काही टाइप केलेले असेल तर दोन्ही एकत्र होऊन भलतेच चालते.

उत्तर : मॅक्रो फक्त अक्षरे टाइप करतो, ओळीवर आधी काय आहे ते पाहत नाही. मॅक्रोच्या सुरुवातीला \सी-ई\सी-यू घातले (दोन्ही सी कॅपिटल) तर आधीची ओळ खोडली जाऊन मगच कमांड टाइप होईल. खोडलेले नंतर कंट्रोल-वायने परत आणता येते. कमांड लगेच चालायला शेवटी \सी-एम हवे.

त्यापेक्षा स्वच्छ उपाय :

बाइंड -एक्स '"\सी-एक्सजी": गिट स्टेटस'

यात कंट्रोल-एक्स आणि मग जी दाबले की कमांड चालते, हिस्टरीत तिची नोंद होत नाही आणि अर्धवट ओळ जागच्या जागी राहते. हे फक्त .बॅशआरसीमध्ये चालते, कारण .इनपुटआरसीला शेलची कमांड चालवता येत नाही. त्या ओळीतला मजकूरच बदलायचा असेल तर बॅश ४.० पासून रीडलाइन_लाइन आणि रीडलाइन_पॉइंट (कॅपिटलमध्ये) हे व्हेरिएबल मिळतात. पहिल्यात ओळ, दुसऱ्यात कर्सरची जागा. मॅकबरोबर येणारे बॅश ३.२ आहे, त्यात हे नाही. ‘बाइंड -एक्स’ने डिरेक्टरी बदलली तर एंटर दाबेपर्यंत प्रॉम्प्टवर जुनेच नाव दिसते, ते पाहून काम झाले नाही असे समजू नका.

बाइंडच्या ओळी वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवून ती चालवली तर ‘लाइन एडिटिंग नॉट एनेबल्ड’ अशी ताकीद येते. ते वेगळे, नॉन-इंटरॲक्टिव्ह शेल असते. ती स्क्रिप्ट चालू शेलमध्येच ‘सोर्स’ कमांडने वाचावी लागते.

प्रश्न : घरच्या मशिनवर सगळे सुरेख चालते. एसएसएचने सर्व्हरवर गेले की काही शॉर्टकट जातात, टीमक्समध्ये आणखी काही.

उत्तर : खिडकी तुमच्या मशिनची आणि शेल सर्व्हरचे. सर्व्हरवरची रीडलाइन तिथलीच .इनपुटआरसी वाचते, म्हणून ती फाइल तिकडे कॉपी करा. ‘सूडू -आय’ केल्यावर होम डिरेक्टरी रूटची होते, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न. बाइंडच्या ओळी .बॅशआरसीमध्ये असतील तर आणखी एक अडचण आहे : एसएसएचचे शेल लॉगिन शेल असते आणि ते .बॅश_प्रोफाइल वाचते. तिथून .बॅशआरसी सोर्स केलेली नसेल तर ती वाचलीच जात नाही.

टीमक्स आणि स्क्रीन हे एका खिडकीत अनेक शेल चालवणारे प्रोग्राम. टीमक्स कंट्रोल-बी स्वतःकडे ठेवते, स्क्रीन कंट्रोल-ए. शेलकडे पाठवायला टीमक्समध्ये कंट्रोल-बी दोनदा, स्क्रीनमध्ये कंट्रोल-ए आणि मग नुसते ए. शिवाय या दोन्हींच्या आत होम आणि एंड यांचे कोड बदलून ^[[१~ आणि ^[[४~ होतात. एक्सटर्ममध्ये ते ^[[एच आणि ^[[एफ (कॅपिटल) असतात. चारही जोडून ठेवा.

.इनपुटआरसीचा परिणाम फक्त बॅशवर होत नाही, हेही इथेच सांगायला हवे. जीडीबी या डीबगरसारखे रीडलाइन वापरणारे प्रोग्रामही तीच फाइल वाचतात. ‘गिट स्टेटस’ टाइप करणारा मॅक्रो जीडीबीमध्ये चालला तर नुसता गोंधळ. अशा ओळी ‘$इफ बॅश’ आणि ‘$एंडइफ’ यांच्या मधे ठेवाव्यात.

प्रश्न : एका सर्व्हरवर प्रॉम्प्टवर देवनागरी टाइप केले की अक्षरे उमटत नाहीत, उलट नको त्या क्रिया होतात. तेच माझ्या मशिनवर नीट चालते.

उत्तर : भाषा आणि अक्षरसंच ठरवणारे सेटिंग म्हणजे लोकेल. तिथे ‘लोकेल’ कमांड चालवून पाहा. उत्तर ‘सी’ किंवा ‘पोझिक्स’ असेल तर कारण सापडले. अशा लोकेलमध्ये रीडलाइनचे कन्व्हर्ट-मेटा हे सेटिंग चालू राहते. ते आठवा बिट असलेल्या प्रत्येक बाइटचा तो बिट काढते आणि त्याच्या आधी एस्केप लावते, म्हणजे त्या बाइटला आल्टसह दाबलेले बटण समजते. यूटीएफ-८ मध्ये ‘क’ हे अक्षर ई०, ए४, ९५ असे तीन बाइट असते. ए४ मधला आठवा बिट गेला की डॉलर उरतो, आणि आल्ट-डॉलर हे बॅशमध्ये व्हेरिएबलचे नाव पूर्ण करण्याचे बटण आहे. तुम्ही ‘क’ टाइप करता आणि शेलला तीन शॉर्टकट दिसतात.

यूटीएफ-८ लोकेल लावा. कोणती उपलब्ध आहेत ते ‘लोकेल -ए’ सांगते. त्याने हे सेटिंग आपोआप बदलते. तरीही अडले तर .इनपुटआरसीमध्ये इनपुट-मेटा ऑन, आउटपुट-मेटा ऑन आणि कन्व्हर्ट-मेटा ऑफ, अशा तीन ‘सेट’ ओळी लिहा.